शाडूची बुचं

कोथरूडच्या निसर्गछाया सोसायटीत निसर्ग बेताचा आणि छाया त्याहून बेताची. जे काही हिरवं होतं ते गच्चीच्या दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात, आणि ते हेमा टिळेकरांनी एकटीच्या हिमतीवर उभं केलेलं. शाळेतून चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर बायका मुलीकडे जातात, सहलीला जातात, गेला बाजार हास्यक्लबात तरी जातात. हेमाताई गच्चीवर गेल्या आणि तिथेच रमल्या. फुटके माठ, जुन्या बादल्या, रंगाचे रिकामे डबे, जे मिळेल त्यात त्यांनी गुलाब, सब्जा, जास्वंद, कढीपत्ता लावला. लिफ्टमधून माती नेऊ नये अशी सूचना लिफ्टच्या दारावर होती, म्हणून सगळी माती त्यांनी पिशव्यापिशव्यांनी जिन्याने वर नेली. सूचना लावणारी मंडळी पुढे त्याच मातीतला कढीपत्ता न विचारता तोडून नेत. तो मात्र लिफ्टने खाली जाई.

अशा या बागेवर दिवाळी सरते न सरते तोच संक्रांत आली. सोसायटीचा अध्यक्ष ऋषी देशमुख आयटीतला होता. वय चाळिशीच्या आत, आणि मराठी वाक्यात क्रियापद तेवढं मराठी ठेवायचं, बाकी इंग्रजी, असा त्याचा नेम होता. गच्चीवर सौर पॅनल बसवायचे ठरले आणि तो हेमाताईंच्या दारात उभा राहिला.

"काकू, नो ऑफेन्स, पण साउथ साइड इज प्राइम. पॅनल्स तिथेच येणार. तुमचं गार्डन आपण व्हर्टिकल करू ना. जिन्यात."

जिन्यात ऊन येत नाही हे सांगायचं हेमाताईंच्या ओठांवर आलं होतं, पण ज्या माणसाला कुंडीतला कढीपत्ता आणि कडुनिंब यांतला फरक कळत नाही त्याच्यापुढे काय डोकं फोडायचं? त्या सचिवांकडे गेल्या. सचिव सुखदेवराव भालेराव. उभं आयुष्य महसूल खात्यात गेलेलं, आणि निवृत्तीनंतरही खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नव्हतं.

"हरकत असेल तर लेखी द्या," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही रोज सकाळी तिथेच बसून पेपर वाचता ना?"

"वाचतो. म्हणून तर लेखी द्या म्हणतोय. नसतो वाचत, तर तेही म्हटलं नसतं."

हेमाताईंनी लेखी दिलं. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. बाग गेली तर आपण सकाळी उठून करायचं काय, हा साधा प्रश्न त्यांना पहाटेपर्यंत छळत राहिला.

नेमकी त्याच सुमारास शाइस्ता अत्तार आली. ती बुधवार पेठेतली, घर पिढ्यान्पिढ्या तिथलंच. शहरातल्या गच्च्यांवर आणि बाल्कन्यांत रानमाश्या, म्हणजे मधमाश्यांच्या रानातल्या चुलतबहिणी, घरटी करतात का, यावर ती पीएचडी करत होती आणि त्यासाठी वारज्यापासून पेठांपर्यंत सोसायट्यांचे उंबरे झिजवत होती. बहुतेकांनी तिला "माश्या चावतील" म्हणून दारातूनच वाटेला लावलं होतं. ऋषीने मात्र तिला सोफ्यावर बसवलं, कारण त्याला कुठल्याशा हरित सोसायटी स्पर्धेचं प्रमाणपत्र हवं होतं. समितीने ठरवलं ते असं: हेमाताईंच्या बागेत रानमाश्यांनी खरोखरच घरटं केलं, आणि तसं शाइस्ताने मार्चच्या सभेत सगळ्यांसमोर सांगितलं, तर बाग राहील आणि पॅनल पाण्याच्या टाकीच्या बाजूला जातील. नाही केलं, तर बाग जिन्यात.

म्हणजे बारा वर्षं हाडं झिजवून वाढवलेल्या बागेचा निकाल आता माश्या लावणार होत्या. हेमाताईंनी शाइस्ताला चहा दिला आणि कौतुकाने म्हणाल्या, "किती शुद्ध मराठी बोलतेस गं तू!"

"तुमचंही चांगलं आहे," शाइस्ता म्हणाली आणि चहावर फुंकर घालत राहिली.

हेमाताईंना यात काही खटकलं नाही. कौतुक त्यांना कुठूनही चालायचं.

शाइस्ताने गच्चीच्या कठड्याजवळ, पूर्वेकडे तोंड करून, एक लाकडी खोका पक्का बसवला. त्यात बांबूच्या आणि बोरूच्या जाड-बारीक नळ्या आडव्या रचलेल्या, मागून बंद आणि पुढून उघड्या. "या माश्या पोळं करत नाहीत," तिने समजावलं. "राणी नाही, फौज नाही, मध नाही. एकेकटी मादी असते. पोकळ काडी शोधते, आत परागाचा गोळा करते, त्यावर अंडं घालते, आडवी भिंत घालते, मग पुढची खोली. काडी भरली की तोंड लिंपून टाकते. आपण फक्त बंद झालेल्या नळ्या मोजायच्या."

"आणि चावत नाही?"

"तिला वेळ नसतो."

मग शाइस्ताची नजर गुलाबाकडे गेली. पानांच्या कडा जागोजाग गोल कातरलेल्या होत्या, कुणी छोट्या वाटीने पुऱ्या कापून काढाव्यात तशा. हेमाताई म्हणाल्या, "ती मेली कीड. दोन वर्षं पिच्छा सोडत नाही. एक दिवसाआड तंबाखूचं पाणी मारते, वर कडुनिंबाचं तेल."

"काकू, ही कीड नाही. हीच ती. पान कातरून नेते आणि घरट्याला अस्तर लावते."

हेमाताई खुर्चीवर बसल्या. जिच्या येण्यावर आता बागेचा जीव टांगलेला होता, तिला त्या दोन वर्षं तंबाखू पाजत होत्या.

"फवारणी बंद करा," शाइस्ता म्हणाली. "खोक्याला हात लावू नका. काहीही करू नका."

आता, काहीही न करणं ही गोष्ट हेमाताईंना जन्मात जमलेली नव्हती. चाळीस मुलांच्या चित्रांत स्वतःचा ब्रश घालून ती सुधारणारी बाई ती. दुसऱ्याच दिवशी त्यांना नळ्यांवर धूळ दिसली, म्हणून त्यांनी ओल्या फडक्याने ती पुसली. तोंडं खरखरीत वाटली, म्हणून पॉलिशपेपर मारला. मार्गशीर्षातल्या गुरुवारी खोक्याला हळदकुंकू लावून उदबत्ती ओवाळली. दुपारी ऊन लागतं म्हणून खिळे उपटून खोका सावलीत नेला आणि संध्याकाळी आठवणीने जागेवर आणून ठेवला. मुलीकडून मागवलेलं लॅव्हेंडरचं अत्तर शिंपडायचं तेवढं राहिलं, ते पार्सल वेळेत आलं नाही म्हणून.

शाइस्ता पंधरा दिवसांनी आली आणि तिने उपटलेल्या खिळ्यांची भोकं बोटाने चाचपली. "काकू, माशी घराची जागा डोक्यात पक्की करते. तुम्ही मंडईतून घरी आलात आणि इमारत पलीकडच्या गल्लीत जाऊन बसली असली तर काय कराल?"

"समितीकडे तक्रार करीन," हेमाताई म्हणाल्या, आणि त्या अगदी मनापासून म्हणाल्या.

एकट्या हेमाताईंनाच दोष का द्या? आसपास कोणत्या माश्या फिरतात हे पाहायला शाइस्ताने एक दिवस गच्चीवर पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या वाट्या ठेवल्या, त्यांत साबणाचं पाणी. रंगाला फूल समजून माश्या येतात आणि पाण्यात पडतात, अशी ती पद्धत. ऋषीची बायको निकिता योगासनं करायला वर आली, तिने वाट्या पाहिल्या आणि ग्रुपवर संतापाने लिहिलं की मुक्या पाखरांसाठी कुणीतरी साबणाचं पाणी ठेवलंय, शेम ऑन अस. मग तिने साऱ्या वाट्या घासल्या, फिल्टरचं पाणी भरलं आणि शेजारी मूठ मूठ बाजरी ठेवली. ग्रुपवर सत्तर लोकांनी हात जोडले. संध्याकाळी शाइस्ता नमुने गोळा करायला आली तेव्हा तिला मिळाला एक पोट भरलेला पारवा, आणि तोही तिच्याकडे बघून हलला नाही.

फेब्रुवारी निम्मा उलटला तरी नळ्या उघड्याच. शाइस्ताने फवारणीचा पंप आणि तेलाची बाटली स्वतःबरोबर नेली आणि हात जोडून सांगितलं, "आता तरी सभेपर्यंत खोक्याकडे फिरकू नका. येतील. हाच त्यांचा हंगाम आहे." हेमाताईंनी पहिल्यांदाच ऐकलं. लांबूनच झाडांना पाणी घालायच्या, खोक्याकडे पाठ करून. पण सभा जवळ येत होती आणि पाठ केल्याने धीर थोडाच येतो? एका सकाळी पॅनलवाल्यांची दोन माणसं टेप घेऊन वर आली आणि त्यांनी हेमाताईंच्या जास्वंदीच्या कुंड्यांमधून खडूने रेघ ओढली. "इथं स्टँड येणार," त्यातला एक म्हणाला आणि जाताना कढीपत्ता घेऊन गेला.

हेमाताईंनी पदर खोचला. त्या खाली आल्या, पलंगाखाली वाकल्या आणि शाडूचं पोतं बाहेर ओढलं. दर वर्षी श्रावणात त्या सोसायटीतल्या मुलांना शाडूचे गणपती करायला शिकवत, त्यातली उरलेली माती होती. माश्या माती लिंपून तोंड बंद करतात ना? मग माती ती माती. ही तर गणपतीची, म्हणजे पवित्रच. आपण फसवत नाही आहोत, येणाऱ्या गोष्टीला थोडं लवकर आणतो आहोत, असं त्यांनी मनाला बजावलं. आपल्याकडे लग्नाचा दाखला, जन्माचा दाखला, मार्कांचा दाखला असाच थोडा लवकर आणायची पद्धत आहे, तेव्हा मनानेही फार वाद घातला नाही.

दिवेलागणीला त्या भिजवलेल्या मातीचा वाडगा घेऊन वर गेल्या. उजेड कमी, त्यात डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. करंगळीने त्या एकेक नळी लिंपत गेल्या. पण चित्रकलेच्या बाई त्या, वाटेल तशा कशा लिंपतील? एक वर डावीकडे, दोन खाली उजवीकडे, मग एक तिरकी, म्हणजे नैसर्गिक वाटेल. दोन पावलं मागे सरकून त्यांनी मान कलती करून पाहिलं. रचना एका बाजूला झुकत होती. मध्यभागी एक हवीच होती. म्हणून त्यांनी अगदी मधली, छानशी गोल नळी निवडली, तिच्या तोंडात मातीचा गोळा दाबला आणि अंगठ्याने गुळगुळीत केला. आता कसं, चित्र पूर्ण वाटत होतं. हात धुऊन त्या खाली आल्या आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवल्या.

सभा रविवारी सकाळी गच्चीवरच भरली. एरवी गणसंख्येअभावी तहकूब होणारी सभा, पण आज वडे होते, त्यामुळे गणसंख्या भरून वाहत होती. ऋषीने मोबाईल काठीला लावला. शाइस्ता खोक्यासमोर उभी राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. तिने वाकून एका बुचावर नख ओढलं, बोटाला लागलेली पूड चोळली. बुधवार पेठेत गणपतीच्या मांडवांच्या गजबजाटात वाढलेली मुलगी ती, शाडू ओळखायला तिला भिंगाची गरज नव्हती. तिने वळून हेमाताईंकडे पाहिलं. हेमाताई सब्ज्याच्या मंजिऱ्या खुडण्यात फार गुंतल्या होत्या.

"वॉव, सो मेनी!" ऋषी म्हणाला. "मॅडम, कन्फर्म ना? आपण अनाउन्स करू?"

"थांबा," सुखदेवराव म्हणाले. "नळी बंद आहे एवढंच दिसतंय. बंद नळीत माशी आहे कशावरून? आमच्या खात्यात बंद खोल्यांत शाळा भरत होत्या कागदावर. पंचनामा करा. उघडून दाखवा."

"उघडू नका हो!" हेमाताईंच्या तोंडून निघून गेलं. "बाळं असतील आत."

"उघडते," शाइस्ता शांतपणे म्हणाली. "मलाही बघायचंय."

तिने चाकूने पहिली नळी उभी चिरली. बुचामागे काही नव्हतं. दुसरी चिरली, तीही रिकामी, आतून पॉलिश केल्यासारखी लख्ख. तिसऱ्या नळीपर्यंत मागच्या रांगेतले लोक वड्यांच्या दिशेने सरकू लागले होते.  हेमाताईंना खडूची ती रेघ दिसत होती आणि रेघेपलीकडे काहीच दिसत नव्हतं. चोरी तर चोरी, वर बागही जाणार. सुखदेवराव घसा खाकरून म्हणाले, "माश्यांनी घरं बुक केलेली दिसतात, राहायला आल्या नाहीत. कोथरूडला हे नवीन नाही."

शाइस्ताने मधली नळी चिरली आणि तिचा हात थांबला.

आत गुलाबाच्या पानाचे गोल तुकडे एकावर एक बसवलेले होते, इतके नेटके की हेमाताईंनी त्याला वर्गात पैकीच्या पैकी दिले असते. त्या अस्तरात पिवळ्या परागाचा अर्धामुर्धा गोळा होता. आणि बुचाला डोकं टेकून एक माशी पडली होती, तपकिरी, करंगळीच्या नखाएवढी. पोटाखालच्या लवेला अजून पराग चिकटलेला होता.

"आहे की हो!" ऋषी ओरडला. "गाइज, वुई हॅव अ बी!"

"मेलेली आहे," शाइस्ता म्हणाली.

"मेलेली का असेना," सुखदेवराव म्हणाले. "समितीचा प्रश्न एवढाच होता की इथे रानमाशीने घरटं केलं का. केलं का?"

"करत होती."

"म्हणजे केलं. ठराव मंजूर. बाग राहील, पॅनल टाकीकडे. कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. हरकत घ्यायला तोंड रिकामं लागतं. टाळ्या झाल्या. ऋषीने ती चिरलेली नळी हेमाताईंच्या हातात दिली, त्यांना गुलाबाजवळ उभं केलं आणि मोबाईल रोखला. "काकू, स्माइल! तुम्ही आपल्या बी क्वीन आहात!" हेमाताई हसल्या, कारण मोबाईल समोर आला की माणूस हसतो. फोटो ग्रुपवर गेला आणि खालून वरून सगळीकडून टिंग टिंग होऊ लागलं.

मग त्यांनी हातातल्या नळीकडे नीट पाहिलं. ती माशी संध्याकाळी कामावरून परतून आत निजली होती, एवढं त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. आपण मान कलती करून चित्र बघत होतो तेव्हा ती आत होती.

"मी लावली ती माती," हेमाताई म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही म्हणून मोठ्याने म्हणाल्या, "अहो, ऐका! या नळ्या मी बंद केल्या. शाडूने. बाग वाचावी म्हणून. ही आत होती आणि मी तिला कोंडून मारलं."

क्षणभर सगळे थांबले. हातातले वडेही थांबले.

"काकू, प्लीज," ऋषी हळू आवाजात म्हणाला. "फोटो ऑलरेडी गेलाय. स्पर्धेच्या पेजला टॅगपण केलंय. आपण हे इथेच ठेवू या."

"पण मी फसवलं ना तुम्हाला!"

"हेमाताई," सुखदेवराव म्हणाले, "मंजूर ठरावावर कबुलीजबाब घेता येत नाही. फारच टोचत असेल तर पुढच्या सभेत ऐनवेळच्या विषयांत मांडा. लेखी."

कुणीतरी हसलं. निकिताने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की काकू, किती सेन्सिटिव्ह आहात तुम्ही. मग चटणी संपत आल्याची हाक आली आणि सगळी मंडळी तिकडे वळली. बाग वाचवल्याबद्दल जो तो जाता जाता त्यांचं अभिनंदन करत होता. त्यांना एकेकाच्या मुस्काटात मारावंसं वाटलं, आणि पहिली स्वतःच्या.

शाइस्ता खाली बसून आपलं सामान आवरत होती. हेमाताई तिच्याजवळ गेल्या. "तू तरी बोल मला काहीतरी."

"काय बोलू? मी खोटं सांगितलं नाही. त्यांनी जेवढं विचारलं तेवढंच सांगितलं." तिने चाकू पुसून पिशवीत टाकला. "ही गच्ची माझ्या अभ्यासातून गेली. चार महिने गेले. ते जाऊ दे. बाग मिळाली ना तुम्हाला?"

"ही मातीतून बाहेर का नाही आली गं? एवढं पान कातरते. ओली तर होती माती."

शाइस्ताने नळी त्यांच्या हातातून घेतली, बूच चिमटीत धरून अलगद सोडवलं आणि उलटं करून त्यांच्या तळहातावर ठेवलं. बाहेरून अंगठ्याने गुळगुळीत केलेलं ते बूच आतून खरवडलेलं होतं. बारीक बारीक ओरखडे, मधोमध एक खळगा, आणि खळग्याच्या तळाशी माती इतकी पातळ उरलेली की उन्हाकडे धरल्यावर पलीकडचा उजेड अंधूक झिरपत होता.

"नुसती माती असती तर आली असती," ती म्हणाली. "यात काय घातलंत तुम्ही?"

"डिंक," हेमाताई म्हणाल्या. "तडा जाऊ नये म्हणून मी नेहमीच घालते." आणि भर सभेत, वडे खाणाऱ्या सगळ्यांदेखत, त्यांना रडू कोसळलं.